अंबाखेडीतली एकटी मिशी

विनोदिनीमावशीला कोणी काही सांगायला लागलं की ती आधी विचारते, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" एकदा शेजारच्या सुभद्राबाई धापा टाकत आल्या की टेकडीच्या पायऱ्यांवर बिबट्या दिसला. मावशीने त्यांना दारातच उभं केलं आणि बिबट्या कोणी पाहिला, किती लांबून पाहिला, बघणाऱ्याने चष्मा लावला होता का, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी बिबट्याचं कुत्रं झालं, आणि ते कुत्रंही सुभद्राबाईंच्या जावेच्या ड्रायव्हरने पाहिलेलं निघालं. तेव्हापासून सुभद्राबाई आपल्या बातम्या समोरच्या घरी नेऊन देतात.

मावशीने देवासच्या कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला. शिकवला हिंदीतून, पोरांवर ओरडली माळवीतून आणि घरी येऊन त्यांची नक्कल केली मराठीतून. इतिहासाने तिचं डोकं फिरवलं असं माझी आई म्हणते. मला विचाराल तर डोकं मुळातच तसं होतं, सरकारने फक्त त्याचा पगार दिला.

चिंतामणीकाका, म्हणजे मावशीचे यजमान, अगदी तिच्या उलट. समोरचा जे बोलेल त्याला "बरोबर आहे" म्हणून मोकळे. वीज मंडळात साहेब बदलत गेले तशी काकांची मतंही बदलत गेली. भाजीत मीठ नसलं तरी काका गुपचूप जेवून उठतात, आणि मावशीला ते तिच्या पहिल्या घासाला कळतं.

काका असे का झाले त्याचं कारण दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेलं आहे. त्यांच्या वडिलांचा, मोरोपंतांचा फोटो. चेहरा किरकोळ, मिशी मात्र भरघोस. मोरोपंत अंबाखेडीच्या जहागिरीत कारकून होते. अंबाखेडी तेव्हा सरदारांचं गाव होतं. आता देवास पसरत पसरत तिथवर पोचलंय आणि तिथल्या नाक्यावर टायरची दुकानं आणि एक पोहेवाला आहे. एकोणीसशे त्रेचाळीसमध्ये मोरोपंतांची नोकरी गेली. का गेली ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकांची आई सांगायची, तोऱ्यापायी गेली. पुढे मोरोपंत कोर्टाबाहेर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहीत बसायचे आणि घर जेमतेम चालायचं. आईने काकांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, बापासारखा होऊ नकोस. काकांनी ती इमानेइतबारे पाळली.

अशा घरात एका सकाळी वीरेंद्र पेढ्यांचा डबा घेऊन आला. वीरेंद्र आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक. अंबाखेडीच्या सरदारांचा वंशज. जहागीर गेली, पण नाक्यावरचा पेट्रोल पंप राहिला. कॉलेजात मावशीचा विद्यार्थी होता आणि इतिहासात नापास व्हायची त्याने परंपरा राखली होती. निवडणूक जवळ आलेली, वॉर्डात मराठी घरं बरीच, तेव्हा नाक्यावरच्या चौकाला एखाद्या मराठी पुढाऱ्याचं नाव द्यावं असं त्याच्या डोक्यात आलं होतं. अडचण एवढीच की पुढारी मिळत नव्हता.

"मॅडम, आप बैठो. आज मी शिकवतो, आपण ऐका," तो म्हणाला आणि त्याने बॅगेतून कागद काढले.

वीरेंद्रची मुलगी अनन्या दिल्लीत शिकते. इंग्रजांच्या गुप्तहेर खात्याच्या जुन्या फायली आता खुल्या झाल्यात आणि इंटरनेटवर बघायला मिळतात. अनन्याने सहज आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं तर अंबाखेडीवरचा एक अख्खा अहवालच समोर आला. वर 'अतिगुप्त' असा ठप्पा, त्यावर काट मारलेली. अहवाल इंग्रजीत होता, म्हणून मावशीने तो आम्हाला मराठीत वाचून दाखवला. त्यात इंग्रज साहेबाने लिहिलं होतं ते असं:

"अंबाखेडीतील खरी सत्ता जहागीरदाराच्या हाती नसून मोरोपंत नावाच्या एका कारकुनाच्या हाती आहे. एका सकाळी चारशेच्या वर पुरुषांनी डोकी व मिश्या उतरवून घेतल्या. त्यांत जहागिरीचे शिपाईही होते. ही एखाद्या गुप्त संघटनेची शपथ असावी. बाजार बंद राहिला, नगारा वाजला नाही, देवळात कोणी गेले नाही. दुखवटा असेल अशी शंका आम्ही तपासून पाहिली. परंतु गावातून एकही अंत्ययात्रा निघालेली नाही. सर्वांमध्ये एकट्या मोरोपंताने मिशी राखली आहे. उघडच ती त्याच्या नेतेपदाची खूण होय. लोक दबक्या आवाजात त्याच्याविषयीच बोलतात. हा इसम देवासच्या दोन्ही संस्थानांत सर्वांत धोकादायक समजावा."

काका उठले, फोटोजवळ गेले आणि फोटोची काच सदऱ्याच्या बाहीने पुसली. मग वळून म्हणाले, "सर्वांत धोकादायक." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवसापासून काका बदलले. भाजीवाल्याला म्हणाले, टमाटे नरम आहेत. बँकेत रांग मोडणाऱ्या एकाला मागे जायला सांगितलं. चौकाच्या समारंभासाठी नवं जाकीट शिवायला टाकलं आणि इंदूरच्या बहिणीला फोन करून सांगितलं की आई आयुष्यभर चुकीचं बोलत होती. पंचाहत्तरीच्या माणसाला एकदम बाप मिळाला होता. तो आनंद बघून मला भरून आलं, हे मी कबूल करते. एरवी चौक, पुतळे आणि फीत कापणं या गोष्टींनी माझं डोकं उठतं.

पण नगर निगमच्या बैठकीत दुसऱ्या एका पार्षदाने खोडा घातला. हे मोरोपंत कोण? कधी नाव ऐकलं नाही. हा माणूस खरोखर पुढारी होता असं कुणा इतिहासाच्या जाणकाराने लिहून द्यावं. गावात जाणकार एकच, आणि ती पुढाऱ्याची सून.

"मी घरची आहे. माझी साक्ष हलकी," मावशी म्हणाली.

"मॅडम, तुमचं नाव पूरा देवास जानता है. बस एक साइन," वीरेंद्र म्हणाला. "कागद सरकारी आहे, त्यावर अतिगुप्त लिहिलंय. गुप्त गोष्ट झूठ कशाला असेल?"

"गुप्त म्हणजे खरी असं कोणी सांगितलं? गुप्त म्हणजे जिला कोणी उलटून विचारलं नाही, एवढंच."

मावशी तो अहवाल घेऊन बसली ती बसलीच. माझं तर म्हणणं होतं, सही करून टाक. देवासात इतके चौक आहेत, ज्यांची नावं आहेत त्यांनी नेमकं काय केलं हे कोणाला माहीत आहे? पण तिला कुठेतरी खुपत होतं आणि ते ती जेवतानाही सोडेना.

"हे बघा," ती काकांना म्हणाली, "साहेबाला ही बातमी पुरवणारा खबऱ्या बाहेरचा. हिंग विकायच्या मिषाने आला आणि बाजारात फिरून गेला, असं साहेबच लिहितो. गावात काही नाही असं कळवलं असतं तर त्याला पुन्हा कोणी धाडलं असतं का? आणि साहेबालाही वर दाखवायला एखादं बंड हवंच होतं. म्हणजे फुगवायला दोघंही तयार. डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि मनाने लावलेलं किती, हे वेगळं करायला नको?"

"चारशे डोकी त्याने मनाने भादरली का?" काका म्हणाले.

"डोकी खरी असतील. पण मामंजींच्या शब्दावर भादरली हे कशावरून? एका शब्दावर चारशे माणसं मिश्या उतरवतात, आणि त्याच माणसाची नोकरी जाते तेव्हा एकही मागे उभा राहत नाही? मग मामंजी कोर्टाबाहेर सतरंजीवर कसे बसले?"

काकांनी ताट सरकवलं. "माझ्या बापाचं काही चांगलं झालेलं तुला बघवत नाही," ते म्हणाले आणि उठून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात काका पहिल्यांदा तिच्यावर चिडले होते. मावशीला त्याचं वाईट वाटलं, आणि मला वाटतं थोडं बरंही वाटलं.

अबोला चालू असतानाच धारहून फोन आला. काकांचे चुलतभाऊ नीलकंठ गेले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी काकांनी दिला आणि पुढचे दिवस धारलाच काढले. दहाव्याला धरमपुरीला नर्मदेवर क्षौर झालं. सगळं आटोपून काका परत आले तेव्हा मी मावशीकडेच होते. दार मावशीने उघडलं. समोर काका. डोकं तुळतुळीत, एरवीची बेताने कातरलेली मिशी गायब आणि वरचा ओठ इतका उघडा की क्षणभर वाटलं, कोणी भलताच माणूस काकांचा चष्मा लावून आलाय.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. दुखवट्यातून आलेल्या नवऱ्याला बघून बायको हसते हे काही शोभणारं नाही, पण तिला आवरेना. काका अबोला विसरून म्हणाले, "हसतेस काय?"

"अहो, असेच चारशे," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अल्पना, ते कागद आण. बाजार बंद, वाजंत्री बंद, देवळात जाणं बंद, आणि गावभर चमनगोटे. ही शपथ नाही गं, हे सुतक आहे. जहागीरदाराच्या घरी कोणीतरी गेलं असणार आणि अख्ख्या गावाला भदरा करायचा हुकूम सुटला असणार."

माळव्यात जुन्या काळी ही रीत होती. राजा किंवा जहागीरदार गेला की रयतेनेही डोकं-मिशी उतरवायची. त्यालाच भदरा म्हणत. काकांनाही ते ऐकून ठाऊक होतं. पण ते इतक्या सहज हार मानायला तयार नव्हते.

"अंत्ययात्रा निघाली नाही असं साहेब लिहितो," ते म्हणाले. "मग मेलं कोण?"

या प्रश्नाचं उत्तर देवासात एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. वीरेंद्रच्या आजोबांची बहीण, भवानीबाई, बायपासजवळच्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतात. वय नव्वदीच्या घरात, कान तिखट, दिवसभर टीव्हीवर क्रिकेट. नेत्याच्या नावाला आणखी एक पुरावा मिळतोय अशा समजुतीने वीरेंद्र स्वतःच आम्हाला गाडीतून घेऊन गेला.

"आत्यासाहेब, ये मोरोपंत के बेटे हैं," वीरेंद्र म्हणाला. भवानीबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि काकांच्या ओठाकडे निरखून पाहिलं.

"मोरोपंतांचे चिरंजीव? आणि मिशी कुठाय?"

काकांनी नीलकंठांचं सांगितलं. बाईंनी मान डोलावली. मावशीने विचारलं, "त्रेचाळीस साली तुमच्या घरी कोणी गेलं होतं का?"

"आबासाहेब. माझे आजोबा. शेवटाला काशीवासाला गेले होते, तिकडेच देह ठेवला. इकडे नुसती तार आली." भवानीबाईंनी पाय सोफ्यावर घेतले. "बाबासाहेबांनी, माझ्या वडिलांनी, हुकूम काढला, गावातल्या प्रत्येक पुरुषाने भदरा व्हायचं. न्हावी पहाटेपासून बसले होते. मी लहान होते. दुपारी बाहेर येऊन बघते तर सगळीकडे वांगी. मला माझा मामा ओळखू येईना. मी हसले."

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" मावशीने विचारलं. तिच्यातली मास्तरीण कोणाच्याही घरी गप्प बसत नाही.

"थप्पड माझ्याच गालावर बसली. आणखी कसं बघायचं?"

काका खुर्चीच्या टोकावर आले होते. "आणि माझे वडील?"

"त्या अख्ख्या गर्दीत मला ओळखू आले ते एकटे मोरोपंत. मिशी होती तशी. बाबासाहेबांनी कचेरीत बोलावून घेतलं. मी पडद्यामागे होते. म्हणाले, सगळ्यांनी उतरवली, तुम्हाला काय झालं? मोरोपंत म्हणाले, सरकार, माझे वडील धारला हयात आहेत. बाप जिवंत असता मिशी उतरवीत नाहीत. बाबासाहेब म्हणाले, इथे पुष्कळांचे बाप जिवंत आहेत, त्यांनी उतरवली. तर मोरोपंत म्हणाले, तो त्यांच्या बापांचा प्रश्न आहे."

वीरेंद्र खिडकीबाहेर बघायला लागला.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय. बाबासाहेब म्हणाले, तर मग बापाकडेच जा. दुसऱ्या दिवसापासून मोरोपंत कचेरीत दिसले नाहीत. गावात कुजबूज सगळी त्यांचीच, पण उघड कोणी ब्र काढला नाही." मग त्या काकांना म्हणाल्या, "आमच्या वडिलांनी ते बरं केलं नाही. मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण मला आधीच एक बसलेली होती." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज सुरू केला.

लिफ्टमध्ये वीरेंद्रने घसा खाकरला. "मॅडम, ये बात यहीं रहने दो. कागदात नेता लिहिलंय, नेता चालू द्या. आत्यासाहेबांची उमर झाली. एकीकडे सरकारी रेकॉर्ड, एकीकडे म्हातारीची आठवण. कोण मानेल?"

"मी मानीन," मावशी म्हणाली. "तो कागद लिहिणाऱ्याचं पोट फुगवून लिहिण्यावर होतं. आत्यासाहेबांनी सांगितलं त्यात त्यांच्याच वडिलांची नाचक्की आहे. स्वतःच्या घराला कमीपणा आणणारी गोष्ट कोणी उगाच रचत नाही. आणि गंमत बघ, त्या हिंगवाल्याने पाहिलेली प्रत्येक गोष्ट आत्यासाहेबांच्या सांगण्याशी जुळते. गावभर डोकी भादरलेली आणि मिशी एक. नजर पक्की होती त्याची. फक्त अर्थ उलटा लागला. मामंजींच्या मागे चारशे माणसं नव्हती, चारशे माणसांसमोर ते एकटे होते."

"ते ठीक आहे, पर चौक? एकट्या माणसाचा चौक कसा करणार? पब्लिक विचारेल, यांनी किया क्या? मिशी राखली?" वीरेंद्र बोलत होता ते नाक्यावरच्या आपल्या पंपासाठी आणि पणजोबा बाबासाहेबांच्या अब्रूसाठी, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. "आणि मॅडम, काकांचा तरी विचार करा. जाकीट शिवून आलंय."

आम्ही खाली पार्किंगमध्ये उभे होतो. वीरेंद्रने टाइप केलेला कागद आणि पेन पुढे केलं. मावशीने कागद वाचला, घडी घातली, आणि काकांकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता. "तुम्ही म्हणाल तर सही करते. मनापासून सांगते. तुम्ही म्हणाल तर."

मी थक्क झाले. बिबट्याचं कुत्रं केल्याशिवाय न सोडणारी बाई नवऱ्याच्या एका शब्दावर खोटं लिहून द्यायला निघाली होती. आणि नवरा कोण, तर जन्मभर सगळ्यांना "बरोबर आहे" म्हणत आलेला माणूस. वीरेंद्रला खात्रीच होती. त्याने पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"नको," काका म्हणाले.

"काका, सोच लो. चौक जाएगा."

"जाऊ दे. ते पुढारी नव्हते. त्यांच्या मागे कोणी नव्हतं, हे लिहिणार असशील तर चौक कर."

वीरेंद्रने तसा चौक केला नाही, हे सांगायला नकोच. नाक्यावर आता रंगीत दिवे लावलेला सेल्फी पॉइंट आहे आणि लोक त्याच्यापुढे पोहे खातात. वीरेंद्र निवडूनही आला. भेटला की काकांना वाकून नमस्कार करतो, पण नजर त्यांच्या ओठाकडे जाऊ देत नाही. काकांच्या मिशीने पुन्हा जोर धरलाय आणि या वेळी काका तिला कात्री लावत नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा मात्र ओठ उघडाच होता. काका कपडे न बदलता फोटोसमोर बसले आणि ओठावरून हात फिरवत राहिले. मावशी त्यांच्याशी काय बोलावं या विचारात पदराचं टोक पिळत उभी होती. चौक तिच्यामुळे गेला होता आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला शिकवलं, बापासारखा होऊ नकोस," काका म्हणाले. "मी झालो नाही. सगळ्यांनी उतरवली की माझीही उतरलेली. आयुष्यभर."

मावशी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"चारशे माणसं मागे होती तोवर मला नुसता अभिमान वाटत होता," काका म्हणाले. "आता वेगळंच मनात येतंय. त्या दिवशी ते कचेरीतून घरी आले असतील ना, नोकरी घालवून. आई चिडलेली. गावात कोणी बोलायला तयार नाही. उन्हातून चालत आलेल्या माणसाला कोणी पाणी तरी विचारलं असेल का गं?"

तुम्ही पाहिलंत का, असं मावशीने विचारलं नाही. ती म्हणाली, "नसेल विचारलं."

काका उठले, आत गेले, माठातलं पाणी पेल्यात भरून घेऊन आले आणि तो पेला त्यांनी फोटोसमोर ठेवला.